बाण वर!

"माझं ड्रॉइंग हातात पडल्यावर वायरमनने तोंड उघडायची गरजच उरत नाही!" असं रावसाहेब खेडेकर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भर गच्चीत म्हणाले, आणि तिथूनच सगळं फिसकटलं. माणसाने बढाई मारू नये असं कोण म्हणतं? जरूर मारावी. फक्त भिंती फोडून, पाइप गाडून, गिलावा वाळल्यावर मारावी. आधी नको.

साल दोन हजार दोन. बिबवेवाडीतली शुभांगण सोसायटी, सोळा फ्लॅटची. ती बांधली तेव्हा एका घराला वीज लागायची किती? दोन पंखे, चार दिवे, एक रेडिओ आणि सणावाराला इस्त्री. तेवढ्यापुरत्या लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून वायरी फिरवलेल्या. आता घरोघरची पोरं कॉम्प्युटर कंपन्यांत चिकटली होती. पगार झाला की घरात एक नवा खोका यायचा. वॉशिंग मशीन आलं, मायक्रोवेव्ह आला, कॉम्प्युटर आला आणि त्या कॉम्प्युटरला जपणारा आणखी एक खोका आला! संध्याकाळी कुणी मिक्सर फिरवला की फट् करून अख्खी इमारत अंधारात. मग जिन्यात बॅटऱ्या घेऊन सगळे पुरुष जमायचे आणि कुणाच्या चटणीने घात केला याची चौकशी बसायची.

शेवटी ठराव झाला. पट्ट्या काढायच्या, भिंतीत खाचा मारून पाइप गाडायचे आणि त्यातून नवीन वायरिंग करायचं. आधी एक घर नमुना म्हणून करायचं. ते सगळ्यांनी पाहायचं, आणि पसंत पडलं की त्याच वायरमनला उरलेले पंधरा फ्लॅट द्यायचे. नमुन्याला घर कुणाचं? अर्थात रावसाहेबांचं! पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन, निवृत्त झाले तेव्हा हेड ड्राफ्ट्समन. हा माणूस वाणसामानाच्या यादीलासुद्धा उजव्या कोपऱ्यात चौकट आखून तारीख, सही आणि 'सुधारणा क्रमांक दोन' लिहायचा. वाणी बिचारा आधी सही बघायचा, मग तूरडाळ.

आणि वायरमन दत्तोबा. हा कात्रजचा. गेली एकोणीस वर्षं रावसाहेबांच्या घरातला प्रत्येक पंखा आणि प्रत्येक फ्यूज त्याच्या हाताखालून गेलेला. हात सोन्याचा, पण उजवा गुडघा कामातून गेलेला. शिडीवर चढताना "आई गं" आणि उतरताना "आई आई गं".

ठराव झाला त्या दिवशी चहाची बशी हातात धरून तो रावसाहेबांना म्हणाला, "साहेब, ही पंधरा घरं मिळाली ना, तर शिडी इकून टाकतो. कात्रजला घराम्होरं टपरीवजा दुकान टाकायचं. मिक्सर, इस्त्र्या, पंखं दुरुस्त करायचं. बसून. आता बसून काम पायजे."

"दत्तोबा, पंधरा घरं तुमचीच," रावसाहेब म्हणाले. "माझा शब्द आहे. माझं ड्रॉइंग आणि तुमचा हात! मग बघायलाच नको!"

मग रावसाहेबांनी कंबर कसली. प्रत्येक पॉइंट कुठे हवा याची आधी घरातल्यांच्या जबान्या घेतल्या. आयटीतला मुलगा आनंद एका डोळ्याने घड्याळाकडे बघत म्हणाला, "बाबा, प्रत्येक खोलीत एक पाइप रिकामा टाकून ठेवा. उद्या नेटची केबल टाकता येईल. फ्यूचरचं बघा." रावसाहेबांनी फ्यूचर लिहून घेतलं आणि त्याखाली आनंदची सही घेतली. पत्नी सुशीलाबाईंना तर ओट्यापाशी हात वर करून उभं केलं आणि खांद्यापासून बोटापर्यंत टेप लावून मिक्सरच्या प्लगची उंची काढली. इतकी काळजीपूर्वक, की मागे दूध उतू गेलं.

"अहो, दूध!"

"हलू नकोस! दोन सेंटिमीटरचा फरक पडतोय!"

पण खरी कमाल पुढेच. रावसाहेबांनी साधा नकाशा काढलाच नाही. आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणली आणि प्रत्येक भिंतीचं ड्रॉइंग काढलं एकास एक! म्हणजे भिंत केवढी, तर कागद तेवढा. तो भिंतीवर चिकटवायचा, खुणेवर खिळा मारायचा, कागद काढायचा, खिळ्याच्या जागी बॉक्स बसवायचा. टेप नको, मोजमाप नको, चूक व्हायला जागाच नको. गोल म्हणजे दिवा, फुली म्हणजे प्लग, चौकोन म्हणजे बटनांचा बोर्ड. कागदावर अक्षर एकही नाही. "अक्षरं आली की वाद आले. ड्रॉइंग स्वतः बोललं पाहिजे," हे रावसाहेबांचं कारखान्यातलं जुनं वचन. कुठली भिंत ते गुंडाळीला बांधलेल्या चिठ्ठीवर. आणि कुणी गाढवाने कागद उलटा टांगू नये म्हणून प्रत्येक कागदाच्या डोक्यावर ठसठशीत बाण. बाण वर!

आता एक गोष्ट नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. रावसाहेबांच्या कारखान्यात ट्रेसिंग पेपरवर शाई नेहमी मागच्या बाजूने मारायची रीत होती. मागून उलटं काढायचं, म्हणजे पुढून बघणाऱ्याला सुलट दिसतं, आणि हाताच्या घामाने शाई फिसकटत नाही. चौतीस वर्षांत तो हात इतका बसला होता की रावसाहेब दुसऱ्या बाजूने काढूच शकत नसत. तिथे हे शिपायालासुद्धा माहीत होतं. त्यामुळे हे कुणाला सांगावं लागतं, हेच रावसाहेबांना माहीत नव्हतं.

धूळ उडणार म्हणून पंधरा दिवस बिऱ्हाड सुशीलाबाईंच्या भावाकडे, धनकवडीला हललं. पहिल्या दिवशी सुशीलाबाई म्हणाल्या, "जरा एक चक्कर टाकून येता का? दत्तोबा एकटाच आहे."

"मी? साइटवर?" रावसाहेबांनी चष्मा काढला. "ड्राफ्ट्समनला साइटवर जावं लागलं, तर समजावं ड्रॉइंग वाईट. उभ्या नोकरीत एकदाही गेलो नाही!"

त्याच दुपारी फोन वाजला. दत्तोबा कोपऱ्यावरच्या पिवळ्या बूथमधून बोलत होता.

"साहेब, दत्तोबा बोलतोय. कागद कुठल्या अंगानं लावायचा?"

"बाण आहे ना त्यावर?"

"हाय की. पर बाण तर दोन्ही..."

"बाण वर!" रावसाहेब गरजले आणि फोन ठेवून दिला. सुशीलाबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "साहेब, रागावू नका, पर हॉलचं बटन दाराच्या मागं जातंय. दार उघडलं की झाकलं जातंय. आनि मिक्सरचा प्लग पार नळावर येतोय. म्हनून म्हनलं, इचारावं."

आता शहाण्या माणसाने काय करावं? रिक्षा करावी. धनकवडीहून बिबवेवाडी ती केवढी! पण गच्चीत मारलेली बढाई आडवी आली. वायरमनने तोंड उघडायची गरज नसते, असं आपण म्हणालो होतो, आणि हा तर दोन दिवसांत दोनदा उघडतोय!

"दत्तोबा, मी दीड महिना घासून ते ड्रॉइंग काढलंय. सुशीलेचा हात मोजलाय! तुम्ही डोकं चालवू नका, हात चालवा. ड्रॉइंगप्रमाणे करा!"

"बरं, साहेब," दत्तोबा म्हणाला.

त्याने ड्रॉइंगप्रमाणे केलं. शाईची बाजू ती पुढची बाजू, असं कुठलाही सरळ माणूस समजतो, तसंच तो समजला. बाण सगळे वर होते. आणि बाणांच्या खाली अख्खं घर आरशात बघावं तसं डावीकडचं उजवीकडे गेलं.

रविवारी नमुना बघायला सोसायटी लोटली. पुढे सेक्रेटरी तात्याराव, मागे प्रत्येक घरातलं एक एक माणूस. भिंतींचा गिलावा ओला-सुका, लोखंडी बॉक्स जागोजागी बसवलेले. दत्तोबा धुऊन आणलेला शर्ट घालून कोपऱ्यात उभा. आज त्याच्या पंधरा घरांचा निकाल होता.

"या, या!" रावसाहेबांनी दार उघडलं आणि न बघता उजवा हात भिंतीकडे टाकला. "आत आलं की हात आपोआप बटनावर..."

हात भिंतीवर चाचपडला. बटन नव्हतं. वर नव्हतं, खाली नव्हतं. रावसाहेबांनी ओल्या गिलाव्यावर पाचही बोटं उमटवली. मग तात्यारावांनी शांतपणे दार ओढून घेतलं आणि त्यामागचा बॉक्स दाखवला.

"अच्छा! म्हणजे आधी घरात यायचं, मग दार लावायचं, मग दिवा. तोपर्यंत चोर कंटाळून जातो. सुरक्षेच्या दृष्टीने छान आहे."

मंडळी हसली. पुढे स्वयंपाकघर. मिक्सरचा प्लग बरोब्बर नळाच्या तोटीवर. "चटणी पातळ हवी असेल त्यांच्यासाठी असेल," तात्याराव म्हणाले. टीव्हीचा पॉइंट चपलांच्या कपाटात गेला होता. पलंगाच्या उशाचं बटन पायथ्याशी आलं होतं. "अंगठ्याने दाबायचं का, रावसाहेब? व्यायाम होईल."

रावसाहेबांच्या कानशिलावर घाम फुटला. आतल्या खोलीत एक ट्रेसिंग अजून भिंतीवर होतं. त्यांनी जवळ जाऊन घामेजलं बोट लावलं. शाई बोटाला लागली. शाई पुढच्या बाजूला होती! एका क्षणात सगळा उलगडा झाला. चौतीस वर्षांची मागची बाजू, दोन दिवसांचे दोन फोन, आणि "डोकं चालवू नका." चूक कुणाची, याबद्दल रावसाहेबांच्या मनात तसूभरही शंका राहिली नाही.

मागे पंधरा माणसं उभी होती. दत्तोबाने घसा खाकरला. तो काहीतरी बोलणार होता. तो बोलण्याच्या आत रावसाहेब वळले.

"काय केलंस हे दत्तोबा? कागद उलटा लावलास!"

एकोणीस वर्षांत दत्तोबाला ते कधी 'अरे-तुरे' बोलले नव्हते. दत्तोबाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुशीलाबाईंकडे, मग जमिनीकडे. पंधरा घरं समोर उभी होती. एक वाक्य बोलला असता, 'साहेब, म्या फोन केला व्हता,' तर संपलं असतं. पण एकोणीस वर्षं ज्या घरात चहा प्यायला, त्या घराच्या मालकाला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं?

"चुकलं आसंल, साहेब," तो म्हणाला. "फोडून परत करतो."

"उलटे दत्तोबा!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि ते नाव तिथल्या तिथे चिकटलं.

मंडळी गेल्यावर रावसाहेबांनी आणखी एक कर्म केलं. सगळी ट्रेसिंगं गोळा केली, फाडली आणि राडारोड्याच्या पोत्यांत कोंबली. उभ्या जन्मात ज्याने ड्रॉइंगचा कपटा टाकला नाही, त्याने दीड महिन्याची मेहनत विटांच्या तुकड्यांत घातली. सोमवारी टेंपो आला आणि पोती घेऊन गेला. रावसाहेबांना वाटलं, सुटलो! लाज वाटायची ती नंतर वाटली.

दत्तोबाने भिंती पुन्हा फोडल्या, पुन्हा पाइप टाकले. या वेळी त्याने कागद मागितला नाही. सुशीलाबाईंना विचारत गेला, "वहिनी, हात कुठं पोचतो?" आणि तिथे खूण करत गेला. आठ दिवसांत घर असं झालं की बघत राहावं. शेवटच्या दिवशी सुशीलाबाईंनी चहा ठेवला. तो म्हणाला, "नगं वहिनी, आज जरा घाई हाय." दत्तोबाला चहाच्या वेळी घाई असते, हे त्या घराने पहिल्यांदाच ऐकलं.

झालं! घर झकास झालं आणि रावसाहेबांचं त्या घरात राहणं मुश्कील झालं. दारातून आत आलं की हात आपोआप बटनावर जायचा. दिवा लागायचा, आणि लागल्याबरोबर दत्तोबाचा तो धुऊन आणलेला शर्ट आठवायचा. शेवटी रावसाहेब अंधारातच बसायला लागले.

"वीजबिल वाचवताय?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"तू त्या दिवशी फोनवरचं माझं बोलणं ऐकलं होतंस ना?"

"दोन्ही दिवशी."

"मग चारचौघांत बोलली का नाहीस?"

"चारचौघांत बोलायचं काम तुमचं होतं," सुशीलाबाई म्हणाल्या आणि दिवा लावून आत गेल्या.

रावसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. चूक झाली याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. चुका होतात, चौतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या शेकडो पकडल्या होत्या. पण एका गरीब माणसाने आपल्याला खोटं पाडलं नाही, आणि आपण त्याला सरळ खोटं पाडलं, हे काही केल्या गिळता येईना.

एवढ्यात सोसायटीच्या मीटिंगची नोटीस लागली. विषय एकच : पंधरा फ्लॅटचं वायरिंग. तात्यारावांनी एक नवा कंत्राटदार शोधला होता. खिशात व्हिजिटिंग कार्ड, कमरेला मोबाइल. रावसाहेबांनी ठरवलं, ठराव व्हायच्या आधी उठायचं आणि सगळं खरं सांगून टाकायचं. तीन वेळा लिहून काढलं. सुधारणा क्रमांक तीन खिशात घालून ते गच्चीवर गेले.

"मंडळी, मला कबुली द्यायची आहे," रावसाहेब उभे राहिले. खिशातला कागद हातात घेतला. "माझ्या घरी जे झालं, त्यात दत्तोबाची काहीही चूक नव्हती. सगळी चूक माझी होती."

मग तात्यारावांनी चष्मा पुसला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "याला म्हणतात मोठं मन!"

"अहो, मोठं मन कसलं? खरंच माझी चूक होती!"

"बघा, बघा! गरिबाच्या पोटावर पाय नको म्हणून दुसऱ्याची चूक अंगावर घेताहेत! चौतीस वर्षांचा हेड ड्राफ्ट्समन, त्याच्या ड्रॉइंगमध्ये चूक होईल का? आपण काय खुळे आहोत?"

"झाली हो! मी शाई मागच्या बाजूने मारली होती! मागच्या!" रावसाहेबांनी हातातला कागद उलटासुलटा फडकवला. "हे असं! आणि त्याने हे असं लावलं!"

"म्हणजे त्यानेच उलटं लावलं," पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले.

"उलटं नाही हो, सुलटंच लावलं! मी उलटं काढलं होतं म्हणून ते सुलटं लावल्यावर उलटं झालं!"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. एका म्हातारबाबांनी हळूच शेजाऱ्याला सांगितलं, "मनाला लावून घेतलंय बिचाऱ्यांनी."

"बरं, ते ट्रेसिंग आणा. दाखवा," तात्याराव म्हणाले.

"ते... मी फाडून टाकलं. राडारोड्यात."

"ऐकलंत?" तात्याराव मंडळींकडे वळले. "दत्तोबाविरुद्ध पुरावा राहू नये म्हणून स्वतःच्या हातची ड्रॉइंग फाडली! आजच्या काळात कोण करतं हो एवढं?"

टाळ्या पडल्या! रावसाहेब अक्षरशः केस उपटायच्या बेताला आले. "अहो, त्याने दोनदा फोन केला होता! मी त्याला गप्प केलं! माझी बायको साक्षीला आहे! सुशीले, सांग!"

सुशीलाबाई उभ्या राहिल्या. "हे खरं सांगताहेत. दत्तोबाने विचारलं होतं. यांनीच ऐकलं नाही. मी शेजारीच शेंगा सोलत होते."

बायकांच्या रांगेत एकदम कुजबुज झाली. "बायको असावी तर अशी! नवऱ्याच्या एका शब्दाखातर भर सभेत..." एकीने तर डोळ्यांना पदर लावला.

पुढच्या पाच मिनिटांत तीन ठराव झाले. एक, रावसाहेबांच्या औदार्याबद्दल अभिनंदन. दोन, पंधरा फ्लॅट नव्या कंत्राटदाराला. तीन, सगळ्या घरांची ड्रॉइंग रावसाहेबांनीच काढावीत. तिन्ही एकमताने. एकटे रावसाहेब हात वर करून "विरोध! विरोध!" ओरडत होते, ते आभार मानताहेत असं समजून कार्यवृत्तात लिहिलं गेलं.

खोटं बोललो तेव्हा पंधरा माणसांना एका वाक्यात पटलं होतं. खरं सांगायला अर्धा तास घालवला, साक्षीदार आणला, तर गळ्यात हार घालायची वेळ आली!

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब बस धरून कात्रजला गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. विचारत विचारत गल्लीत शिरले. दत्तोबा ओट्यावर पाय लांब करून एक मिक्सर उघडून बसला होता. शेजारी त्याची म्हातारी आई, यमुनाबाई, सुपात लसूण निवडत होती.

"साहेब! तुमी हितं?" दत्तोबा गुडघा धरून उठायला लागला.

"उठू नका. दत्तोबा, पंधरा घरं गेली. मी काल सगळं खरं सांगितलं, पण कुणाला पटेचना."

"जाऊ द्या, साहेब." दत्तोबाने स्क्रू बशीत ठेवला. मग म्हणाला, "वहिनींचा मिक्सर बराबर चालतोय न्हवं? हात पोचतोय?"

रावसाहेबांना वाटलं, या माणसाने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोचतो," ते कसंबसं म्हणाले. "दत्तोबा, मला काहीतरी बोला हो."

"बोलायचं न्हाई, एक इचारायचं हाय." दत्तोबाचा आवाज खाली आला. "तुमच्या घरापास्नं म्या कुनाच्या भितीला खाच मारली न्हाई. बोलावनं आलं तरी न्हाई गेलो. छिन्नी धरली की वाटायचं, कागद समोर आसून आपल्याला उलटं-सुलटं कळंना, म्हंजी आता डोळं गेलं, डोस्कं गेलं. खरं सांगा साहेब. कागद म्या उलटा लावला व्हता का?"

आता रावसाहेबांना कळलं, आपण काय घालवलं होतं ते. पंधरा घरं ही त्यातली लहान गोष्ट होती.

"नाही," रावसाहेब म्हणाले. "कुणीही लावला असता तसाच तुम्ही लावलात. उलटा मी काढला होता. तुम्ही दोनदा विचारलंत, दोन्ही वेळा तुमचंच बरोबर होतं. आणि सगळ्यांसमोर मी खोटं बोललो."

दत्तोबाने लांब श्वास सोडला. पण यमुनाबाईंचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांनी लसणाचं सूप बाजूला सारलं.

"जरा मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

रावसाहेबांनी मोठ्याने सांगितलं. समोरच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. "ह्यास्नी बी सांगा," यमुनाबाई म्हणाल्या. रावसाहेबांनी त्यांनाही सांगितलं. पाण्याचा हंडा घेऊन एकजण चालली होती, तिला थांबवून सांगायला लावलं. मागच्या आळीतली चार माणसं जमली. रावसाहेब शाईची बाजू समजावून सांगायला लागले, तर एकजण म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. चूक तुमची, येवढंच न्हवं?"

"हो. एवढंच."

"मग झालं की! त्यात काय पटवायचंय? तोंडावरनंच दिसतंय."

गर्दीत बापूराव म्हणून दत्तोबाचे शेजारी होते. घरावर नवा मजला चढवत होते. हे सगळं ऐकून ते पुढे आले आणि दत्तोबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दत्तोबा, माझ्या वरच्या दोन खोल्यांचं वायरिंग तूच करायचं. परवा खाचा मारायला घे. शिडी पोरं धरतील, तू नुसतं दाव. पर एक अट हाय, आत्ताच सांगून ठेवतो."

"कसली?" दत्तोबाने विचारलं.

बापूरावांनी रावसाहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्या साहेबांनी कामावर फिरकायचं न्हाई."

"मंजूर!" रावसाहेब म्हणाले. दत्तोबा काही बोलायच्या आत.